नळीवरची अक्षरे

लेखकाला काय ठाऊक नाही, हे वाचकाला चटकन कळते. माझ्या एका ऐतिहासिक कादंबरीत ऐन आषाढातला प्रसंग आहे. पाऊस धो धो कोसळतो आहे, गढीखालच्या चिखलातून घोडी धावत आहेत आणि बुरुजावरून माझा नायक तोड्याची बंदूक खांद्याला लावून बार काढतो. प्रसंग मला स्वतःलाच फार आवडला होता. पुस्तक निघाल्यावर महिनाभरात एक पोस्टकार्ड आले. अक्षर वळणदार, मजकूर चार ओळींचा. ‘‘आषाढातल्या पावसात आपल्या नायकाचा तोडा विझला कसा नाही? रंजक भिजली कशी नाही? आपण अशी बंदूक कधी हातात घेतली आहे काय?’’

पहिल्या दोन प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिसऱ्याचे होते, पण ते पोस्टकार्डावर लिहिण्यासारखे नव्हते. ठासणीची बंदूक मी हातात घेतली होती. एका दुपारी घेतली आणि त्याच दुपारी तिचे असे काही नुकसान करून ठेवले की, ते आज चाळीस वर्षांनंतरही भरून काढता आलेले नाही.

ही १९८३ सालची गोष्ट. बँकेत लागून मला जेमतेम वर्ष झाले होते. दसऱ्याला जोडून रजा मिळाली म्हणून मी पैठण तालुक्यात, गोदाकाठच्या आजोळी गेलो. मामांच्या माजघरात खुंटीवर एक बंदूक असे. माझ्या पणजोबांच्या काळातली, लांब नळीची, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची. परवाना मामांच्या नावावर, कारण लिहिलेले ‘पिकांची राखण’. नळी काळपट तपकिरी, दस्ता तेलकट काळा. नळीच्या बुडाशी, जिथे डोळा जवळ येतो तिथे, चांदीच्या तारेची बारीक वेल होती आणि त्या वेलीत एक ओळ. कोणी म्हणे ती मोडी आहे, कोणी म्हणे फारसी. अक्षरे इतकी झिजली होती की, दोन्ही म्हणणाऱ्यांना आपलेच खरे वाटावे. मामा एवढेच सांगत, ‘‘ज्यानं घडवली त्याचं नाव हाय ते.’’

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मामा शेतावर गेले होते. मला वाटले, पूजेला हत्यार कसे लखलखीत हवे! तालुक्याच्या गावाहून पॉलिश पेपर आणला, विटेची भुकटी केली, लिंबू चिरले आणि अंगणात बसून चार तास नळी घासली. तिन्हीसांजेला ती अशी चमकू लागली की, तिच्यात तोंड दिसावे. वेल गेली. अक्षरेही गेली. आणि खरे सांगतो, ती गेल्याचे माझ्या लक्षातही आले नाही. चांदीची तार निघून आली तेव्हा मला वाटले, मळच निघतो आहे.

मामा आले. त्यांनी नळीच्या बुडावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाले, ‘‘चकाचक केलंस की रे भाच्या.’’ बस्स, एवढेच. सकाळी पूजेत त्यांनी गंध लावले ते नेमके त्याच रिकाम्या जागी. मामा आता नाहीत. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, म्हणूनच तो विषय माझ्या मनातून कधी गेला नाही.

त्या पोस्टकार्डाने ही जुनी ठुसठुस वर आणली. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता. म्हटले, जी वस्तू आपण न ओळखता घासून टाकली, ती निदान आता ओळखून घेऊ. गेली काही वर्षे तोच माझा छंद झाला आहे. छंद म्हणजे शिकार नव्हे आणि नेमबाजी तर नव्हेच. ही बंदूक कशी घडत होती, कशी राखली जात होती, हे हाताने समजून घेण्याचा छंद.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करावी. ठासून सांगणे, ठासून भरणे, फुसका बार, बत्ती देणे हे शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो आणि त्यांच्यामागची वस्तू आपल्या डोळ्यांसमोर नसते. तोड्याच्या बंदुकीत नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असे, त्याला कान म्हणत. कानाबाहेरच्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची, ती रंजक. सोरमिठात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी दोरी म्हणजे तोडा. चाप ओढला की, तोडा रंजकीवर टेकतो, रंजक पेटते, ज्वाळा कानातून आत शिरते आणि बार निघतो. पुष्कळदा रंजक नुसतीच उडायची, बार निघायचाच नाही. आणि पावसात? तोडा विझे, रंजक भिजून तिचा चिखल होई. माझा नायक त्या रात्री बुरुजावर नुसता भिजला असता. पत्रलेखकाचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

पुढे चकमकीची बंदूक आली. मग १८०७ साली अलेक्झांडर फॉर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. त्याला पक्षी मारायचा शौक होता. चकमकीची ठिणगी दिसताच पक्षी उडून जात, ही त्याची अडचण! त्या शोधातून तांब्याची इवलीशी टोपी निघाली, जिला आपल्याकडे केप म्हणतात. घोडा केपेवर आपटला की काम झाले. मामांची बंदूक या केपेच्या जातीची. मात्र हिंदुस्थानात तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही खेडोपाडी नांदत होती. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. गावच्या लोहाराला ती कळे, गावच्या सुताराला तिचा दस्ता जमे. नळी दस्त्याला खिळ्यांनी ठोकण्याऐवजी चामड्याच्या वादीने किंवा तारेच्या वेढ्यांनी बांधलेली असे. वेढे सोडले की, नळी हातात. आपल्या बैलगाडीसारखेच हे. जिथे मोडेल तिथेच दुरुस्त होईल, अशी रचना.

आणि नळी? लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती पिळासारखी गुंडाळायची, सांधे ठोकून एकजीव करायचे, मग आतून घासून सरळ करायची. चांगल्या नळीच्या अंगावर त्या पिळाची नक्षी उमटते, लाकडावरच्या रेषांसारखी. दख्खनमध्ये धातूकामाची विद्या किती पुढे गेली होती, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ ओतली गेली ती अहमदनगरला, १५४९ साली. मलिक अंबरने १६१० साली आपले हे खडकी गाव वसवले, त्याला तेव्हा अजून साठ वर्षे अवकाश होता. दौलताबादच्या किल्ल्यात पहिल्या दरवाज्याआत तोफा मांडून ठेवल्या आहेत. वर बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची मेंढा तोफ आहे. तिच्या अंगावर लेख आहे आणि त्यात ती घडवणाऱ्याचे, महंमद हुसेन अरब याचे, नाव आहे. दर सहलीत मुले त्या तोफेवर हात फिरवतात. मी तिथे उभा राहिलो की, मला हटकून मामांचा अंगठा आठवतो. बादशहाची तोफ घडवणाऱ्याचे नाव राहिले, कारण ती घासायला कोणी भाचा गेला नाही.

नोकरीच्या काळात मला ही बंदूक आणखी एकदा भेटली, तीही जितीजागती. माझी बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली होती. मराठवाड्याच्या माणसाला कोकण म्हणजे दुसरा देशच. पीककर्जाच्या पाहणीला गेलो की, मांगरात किंवा ओटीवर कोपऱ्यात ठासणीची बंदूक दिसायची. भात पोटरीला आले की, रानडुकरे एका रात्रीत कुणग्याच्या कुणगा लोळवतात. शेतकरी माळ्यावर राखणीला बसतो आणि हवेत बार काढतो. आवाज आणि धूर, एवढ्यावरच त्याचे काम भागते. आमच्या कर्जाच्या कागदात या बंदुकीचा उल्लेख कुठेच नसे. पण ते कर्ज फिटणार की थकणार, ते काही अंशी तिच्यावर अवलंबून होते!

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातल्या परवान्यांच्या कलमात पिकांच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम, नाव घेऊन उल्लेख आहे. या कायद्यामागे मोठा इतिहास आहे. १८५७ चा भडका उडाला तो एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसावरून, आणि ती बंदूकही ठासणीचीच होती. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. त्या वर्षी जूनमध्ये आपल्याच शहराच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष पेटला आणि शिपायांना देहदंड झाला. आज आपण ज्याला क्रांती चौक म्हणतो, तो जुना काळा चबुतरा त्याची साक्ष आहे. पुढे लॉर्ड लिटनने १८७८ चा शस्त्रकायदा आणला आणि ब्रिटिश मुलखातल्या प्रजेची हत्यारे परवान्याखाली आली. निजामाच्या राज्यात आपली तऱ्हा वेगळी. पण १९४८ च्या धामधुमीत आमच्या आजोळची बंदूक कडब्याच्या गंजीत दडवली होती, असे आजी सांगे. कोणापासून, असे विचारले की ती म्हणे, ‘‘सगळ्यांपासूनच.’’

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला बंदुकीच्या परवान्यातून आजही सूट आहे. तिथे सणासमारंभात बंदुकीला पूजेचा मान असतो. आपल्याकडे तो मान खंडेनवमीने दिला. त्या सणाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. वर्षातून एकदा, पावसाळा सरताच, हत्यार खुंटीवरून खाली येणार, कोरड्या फडक्याने पुसले जाणार, त्याला तेलाचे बोट लागणार. लोखंडाच्या निगेसाठी याहून चांगला मुहूर्त कोणत्याही शास्त्रज्ञाने काढून दिला नसता. फक्त ओले गंध आणि अक्षता रात्रभर तशाच ठेवू नयेत. सकाळी तिथे गंजाचे ठिपके उठतात. पूजा झाली की, पुसून घ्यावे. देव रागावत नाही.

आता छंदाबद्दल. अमेरिकेत ठासणीच्या बंदुका हाताने घडवणे हा हजारो लोकांचा रविवारचा उद्योग आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासूनची, इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावी तिचे मेळे भरतात. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गस्लर नावाच्या कारागिराने अठराव्या शतकाच्या पद्धतीने, भट्टीपासून नक्षीपर्यंत सारे हाताने करून एक अख्खी रायफल घडवली. त्यावर १९६९ साली निघालेला माहितीपट मी तीनदा पाहिला. लोखंडाच्या पट्टीची नळी होताना पाहणे म्हणजे एखाद्या गवयाचा विलंबित ख्याल ऐकण्यासारखे आहे. घाई केली की सूर गेला.

पण तिथला कायदा वेगळा आणि इथला वेगळा. हे मी मुद्दाम, ठासून सांगतो. आपल्याकडे परवान्यावाचून बंदूक बनवणे तर सोडाच, दुरुस्त करणे किंवा तिच्यात बदल करणे हासुद्धा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. तेव्हा कोणा उत्साही तरुणाने हा लेख वाचून गॅरेजमध्ये नळी कापायला घेऊ नये. मी केले ते एवढेच, की मामांच्या बंदुकीचा हातभर लांबीचा लाकडी नमुना केला. नळीसुद्धा लाकडाची, भरीव. सावंतवाडीच्या खेळण्यांशेजारी शोकेसमध्ये शोभेल असा. शिसवीचा तुकडा शहागंजच्या बाजूला एका जुन्या वखारीत मिळाला. दस्त्याचा बाक साधायला मला चार महिने लागले. शेजारच्या सुतारमिस्त्रींनी पहिला तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, ‘‘साहेब, ही बंदूक नाही, ही क्रिकेटची बॅट झाली.’’ दुसरा तुकडा बरा निघाला.

लाकडाला मी जवसाचे तेल दिले. अमेरिकेतले हौशी लोक ज्या ‘लिनसीड ऑइल’ची एवढी वाखाणणी करतात, ते आपल्या चटणीतले जवस! हवेतला प्राणवायू घेत घेत हे तेल सुकते आणि लाकडावर त्याचा पातळ पापुद्रा धरतो. एक बोट तेल, भरपूर चोळणे, दोन दिवस थांबणे, पुन्हा एक बोट. असे दहा-बारा हात दिल्यावर शिसवी आतून उजळते. एक धोका मात्र सांगून ठेवतो. या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून टाकावेत.

या साऱ्या खटाटोपात मला जे खरे शिकायला मिळाले, ते नव्या लाकडाबद्दल नसून जुन्या लोखंडाबद्दल आहे. गंज सगळा एकसारखा नसतो. तांबडा, भुसभुशीत गंज ओल धरून ठेवतो आणि लोखंड खात राहतो, तो शत्रू. पण जुन्या नळीवर जो घट्ट, तपकिरी-काळा थर असतो, तो बहुधा कारागिराने मुद्दाम आणलेला असतो किंवा काळाने हळूहळू बसवलेला. जुने कारागीर नळीला ठरवून बारीक गंज चढवीत, ती पाण्यात उकळून तो गंज काळा करून घेत, खरवडून पुन्हा चढवीत. अशा अनेक फेऱ्यांनंतर जो रंग येई, तोच नळीचे कवच. हिरड्याच्या काढ्यातले द्रव्य लोखंडाशी मिळून काळे पडते, हे आपल्या आजीला शाईमुळे ठाऊक होते. त्याच कुळीतले टॅनिक आम्ल आज संग्रहालयांतले तज्ज्ञ गंज स्थिर करायला वापरतात. मी १९८३ साली लिंबू आणि पॉलिश पेपरने जे काढले, तो मळ नव्हता. ती त्या बंदुकीची कातडी होती.

आपल्याकडे या कामाची एक अख्खी जमात होती. शिकलगार. धातूला ओप देणारा तो शिकलगार. आज त्यांच्यापैकी बहुतेक घरे कात्र्या-सुऱ्यांना धार लावण्यावर किंवा दुसऱ्याच धंद्यांवर आली आहेत. हत्यार किती घासायचे, याहूनही ते कुठे थांबवायचे, ही त्यांची खरी विद्या. तेवढी एक विद्या मला त्या दुपारी असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

संग्रहालयशास्त्राचा एक साधा नियम आहे. जे पुन्हा मागे घेता येणार नाही, ते करू नये. तेल पुसता येते, मेण काढता येते. घासलेले अक्षर परत येत नाही. म्हणून जुन्या दस्त्याला जवसाचे तेलसुद्धा चोपडू नये. नव्या लाकडाला ते अमृत, पण जुन्या लाकडात ते कायमचे मुरते आणि त्याला काळवंडवते. मऊ कोरडे फडके, लोखंडाला अगदी पातळ तेलाचा हात आणि आपल्या बोटांवरचा घाम लागू नये म्हणून सुती मोजे. यापलीकडे घरच्या माणसाने जाऊ नये. पुढचे काम तज्ज्ञांचे. लखनौला त्यासाठी राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे.

माझा नमुना पुरा होत आला तेव्हा मला वाटले, नळीच्या बुडाशी ती वेल हवीच. आपल्या शहरात बिदरीचे काम करणारे कारागीर आहेत. जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची तार बसवायची, मग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने ती वस्तू काळी करायची, ही ती कला. एका वृद्ध कारागिराकडे गेलो. मी आठवेल तशी वेल कागदावर काढली होती. त्यांनी ती पाहिली, हसले, पेन्सिलीने तिची दोन पाने दुरुस्त केली आणि बोटाएवढी पट्टी करून द्यायचे कबूल केले. मग मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारले, ‘‘साब, यहाँ नाम क्या डालने का?’’

मी गप्प झालो. मोडीतले नाव? फारसीतले? मामांचे? माझे? कोणतेही घातले असते तरी ते खोटेच. मी म्हटले, ‘‘खाली छोड दो.’’ त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि जास्त काही विचारले नाही. पट्टी आता नमुन्यावर आहे. वेल आहे, मध्ये जागा कोरी आहे.

हे सारे आज लिहायचे कारण म्हणजे मामेभावाचा फोन. ‘‘दादा, बाबांच्या बंदुकीचं काय करायचं? पोरं म्हणतात, देऊन टाका, कशाला पोलीस ठाण्याच्या खेपा?’’ हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मराठवाड्यात, कोकणात, विदर्भात कितीतरी घरांत आजोबांची, पणजोबांची ठासणीची बंदूक आहे. परवानाधारक गेला की, वारसांना ती घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना मागण्याची तरतूद आहे. पण अर्ज केला नाही, मुदत उलटली, की हत्यार सरकारजमा होऊ शकते. मुले पुण्या-मुंबईला, नाहीतर परदेशात. खेपा घालणार कोण? काही घरे भीतीपोटी बंदूक दडवतात, काही विहिरीत टाकतात, काही भंगारात देतात. तिन्ही वाटा चुकीच्या. पहिली तर तुरुंगाकडे जाते.

भावाला मी जे सांगितले, तेच वाचकांना सांगतो. पहिली गोष्ट, घरात सापडलेली ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. नळीत डोकावू नये, घोडा उचलू नये, मुलांना लांब ठेवावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे. दुसरी गोष्ट, ती जमा करण्यापूर्वी, अधिकाऱ्यांच्या समक्ष का होईना, तिची छायाचित्रे घ्यावीत. नळीची लांबी, दस्ता, घोडा आणि एकूण एक खूण, अक्षर, आकडा. तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जे आठवते ते वहीत उतरवावे. कोणी आणली, कोणी वापरली, १९४८ ला कुठे दडवली. बँकेत आम्ही टेबल-खुर्च्यांचीसुद्धा नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये करत होतो. पणजोबांच्या वस्तूला तेवढाही मान देऊ नये काय? तिसरी गोष्ट, घासू नये. काहीही झाले तरी घासू नये.

आणि एक मागणी शासनाकडे. सरकारजमा झालेली हत्यारे नष्ट करण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यात एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाची किंवा पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याची नजर त्यांच्यावरून फिरावी. गावठी कट्टा आणि शंभर वर्षांची ठासणीची बंदूक यांना एकच भट्टी नसावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला वेगळा दर्जा दिलाच आहे. निकामी केलेल्या अशा बंदुका ठेवायला आपल्या शहरात सोनेरी महालातले संग्रहालय आहे, महापालिकेचे शिवाजी महाराज संग्रहालय आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी एकट्याने दारोदार हिंडून अडकित्त्यांपासून हत्यारांपर्यंत सारा घरगुती महाराष्ट्र गोळा केला आणि १९७५ साली तो शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाला जे जमले, ते छत्तीस जिल्ह्यांना जमू नये?

बंदुकीचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. तो प्रश्न योग्यच आहे. या नळ्यांतून माणसेही मेली आहेत, जनावरे तर अगणित. मला त्या नळीतून निघणाऱ्या बाराचे कौतुक नाही. बार निघाला की संपतो. कौतुक आहे ते नळी पिळणाऱ्या लोहाराचे, दस्त्याला बाक देणाऱ्या सुताराचे, चांदीची वेल बसवणाऱ्याचे. इतिहासात बंदूक चालवणाऱ्यांची नावे पुष्कळ आहेत, घडवणाऱ्यांची फार थोडी. त्यातले एक माझ्या हातून गेले.

भावाने शेवटी परवान्यासाठी अर्ज केला आहे. बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे. जमा करताना परवानगी घेऊन आम्ही सत्तावीस छायाचित्रे काढली. त्यातले एक नळीच्या बुडाचे, उन्हात तिरके धरून घेतलेले. मोठे करून पाहिले तर चमकत्या लोखंडावर बारीक ओरखड्यांचे जाळे दिसते. चांदीची तार धरून राहावी म्हणून कोणीतरी छिन्नीने आडवे-उभे चरे पाडले होते, ते माझ्या पॉलिश पेपरलाही पुरते गेले नाहीत. अक्षरे वाचता येत नाहीत. पण ती किती होती, त्यांनी किती जागा घेतली होती, एवढे कळते. माझ्या नमुन्यावरच्या पट्टीतली कोरी जागा मी आता मोजून तेवढीच करून घेणार आहे.